तुलनेसाठी एक निरोगी नवरा

माझ्या ताईच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. मी त्यांना भावोजी म्हणते, कारण म्हणावं लागतं. अहो-जाहो करते तेही त्याच कारणाने.

दुकान दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर. मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, आणि एकाही खणावर नाव चिकटवलेलं नाही. नावं लावणं भावोजींना कमीपणाचं वाटायचं. कुठे काय आहे ते सगळं त्यांच्या डोक्यात. गिऱ्हाइकाने डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली की ती वाचता वाचता त्यांचा हात मागे जायचा आणि वळूनही न बघता औषध काउंटरवर आपटलं जायचं. आपटलंच जायचं. हळू ठेवणं त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं. लोक त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. समोरचा कौतुकाने म्हणतोय की कुचेष्टेने, असा विचार त्यांच्या मनात कधी आला असेल असं वाटत नाही.

विसरणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी तिटकारा. कोणी म्हातारा औषधाचं नाव विसरला तर मदत करायची सोडून दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “आजोबा, घरचा पत्ता तरी आठवतो ना?” झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांची तर खैर नसायची. “दिवसभर अंग हलवा जरा, म्हणजे येईल झोप. मला बघा. पाठ टेकली की डोळा लागतो, पहाटे उठलो की ताजातवाना.” गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून गोळ्या खिशात टाकायचं आणि निघून जायचं. दुकान मोक्याच्या जागी होतं म्हणून लोक परत यायचे. भावोजी समजायचे, आपल्यासाठी येतात.

ताई घरी पडदे शिवायची. पलीकडच्या इमारतींत कोणाच्या खिडकीची रुंदी किती, कोणाच्या पडद्याला आतून अस्तर हवं, कोणाला कडा नको, सगळं तिला पाठ. पण ती ते कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळे त्या घरात हुशार कोण, हा प्रश्न कधी निघालाच नाही.

मग भावोजी विसरायला लागले.

आधी किरकोळ. एकच गोष्ट दोनदा सांगणं, दुकानाच्या किल्ल्या कुठेतरी टाकून येणं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वय झालं. यांचं वय होणं शक्यच नव्हतं, तेव्हा चूक दुसऱ्याची असणार. आणि दुसरं माणूस घरात एकच होतं.

“मी तुला सकाळीच सांगितलं होतं, संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून.”

“नाही हो, सांगितलं नव्हतं.”

“सांगितलं होतं. तुझ्या डोक्यात राहत नाही त्याला मी काय करू?”

त्यांनी सांगितलेलं नसायचं. पण इतक्या ठासून बोलायचे की ताई गप्प बसायची. गॅस चालू राहिला, तो ताईने ठेवला. विजेचं बिल भरायचं राहिलं, कारण ताईने आठवण केली नाही. त्यांनीच कपाटात नेऊन ठेवलेली छत्री सापडली, तर तीही ताईनेच लपवलेली. असं वर्षानुवर्षं ऐकत राहिलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास कसा झिजतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. ताई मला फोन करून विचारायची, “खरं सांग, मी विसरते का गं?”

“आपल्या लहानपणच्या घराच्या खिडकीला कोणता पडदा होता?”

“निळा. खालच्या बाजूला जळलेला. तूच इस्त्री ठेवली होतीस त्याच्यावर.”

“मग कसली विसरतेस?”

“जुनं आठवतं गं. नवीनच राहत नाही, असं हे म्हणतात.”

हे म्हणतात! त्या दोन शब्दांची मला इतकी चीड यायची की मी फोन ठेवून द्यायची आणि चष्म्याच्या काचा घासत बसायची. चष्म्याच्या दुकानात तेच माझं काम.

दरम्यान दुकानात एक प्रकार घडला. रक्तदाबाच्या गोळ्या मागायला आलेल्या एका म्हातारीपुढे भावोजींनी सवयीप्रमाणे मागे हात घालून मधुमेहाच्या गोळ्या आपटल्या. काउंटरवर भावोजींबरोबर एक बाई कामाला होत्या. त्यांचं सहज लक्ष गेलं आणि त्यांनी गोळ्या बदलल्या, म्हणून निभावलं. भावोजींनी त्या बाईंना सगळ्यांसमोर झापलं, की तुम्ही मध्ये बोललात म्हणून माझा हात चुकला. घरी येऊन ताईला सुनावलं, की तू डब्यात चमचा द्यायला विसरलीस, त्याने माझं डोकं दिवसभर ठिकाणावर नव्हतं. एका चमच्यामुळे रक्तदाबाचा मधुमेह झाला! हे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि ताईने गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की आता ताईला डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक स्मृतिविभाग होता. तिथल्या डॉक्टरीणबाई विसरणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या लहरींचा अभ्यास करत. ताईने मला सोबत बोलावलं. डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. भावोजींना हळू बोलणारे डॉक्टर आवडत नसत. त्यांच्या मते ज्याला खात्री नसते तोच हळू बोलतो.

“हिला काही लक्षात राहत नाही,” भावोजी खुर्चीत बसता बसताच म्हणाले. ताई शेजारीच होती. एखादा बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला टाकावा तसा सूर. “घरात मी आहे म्हणून चाललंय.”

डॉक्टरीणबाईंनी ताईला काही विचारलं, की उत्तर भावोजी देत. असं दोन-तीनदा झाल्यावर बाई त्यांच्याकडे वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “आमच्याकडे रुग्णाबरोबर घरातल्या एका निरोगी माणसाचाही आलेख काढतात. तुलनेला. तुम्ही बसाल का?”

भावोजींची छाती अशी फुगली, काय सांगू! “बसतो ना. निरोगी मेंदू कसा असतो ते कळेल तरी तुम्हाला.”

तपासणी दुपारची होती. आधी शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या, मग डोक्याला तारा लावून थोडा वेळ झोपायचं, आणि उठल्यावर किती जोड्या आठवतात ते सांगायचं. झोपायचं कशाला, असं मी विचारलं. बाईंनी समजावून सांगितलं. दिवसा आपण जे ऐकतो-पाहतो ते मेंदूच्या आतल्या एका लहानशा भागात कच्चं उतरतं. गाढ झोप लागली की सगळ्या मेंदूत मोठ्या, संथ लाटा उठतात, आणि त्या लाटांवर मधूनमधून छोट्या, भरभर थरथरणाऱ्या लहरी येतात. या दोघींचा ताल जुळला की कच्चं उतरलेलं पक्कं होतं, कायमच्या जागी जाऊन बसतं. ताल बिघडला तर माणूस दिवसभर जागा असूनही त्याचा दिवस साठत नाही.

“म्हणजे आळशी माणसं जास्त हुशार,” भावोजी हसले. त्यांच्याखेरीज कोणी हसलं नाही.

जोड्या अगदी साध्या होत्या. छत्री आणि बादली. पूल आणि कंगवा. तिथला तंत्रज्ञ वाचून दाखवायचा आणि ही दोघं म्हणायची. मग त्यांच्या डोक्यावर छिद्रांच्या टोप्या बसवल्या, छिद्रांतून चिकट मलम लावून तारा जोडल्या आणि शेजारशेजारच्या दोन खोल्यांत खाटांवर आडवं केलं. काचेच्या अलीकडे मी आणि तंत्रज्ञ. पडद्यावर दोघांच्या मेंदूतल्या रेघा सरकत होत्या.

ताईला कधी नव्हे ते दुपारी कोणी झोपायला सांगितलं होतं. ती पाच मिनिटांत गाढ झोपली. तिच्या रेघा हळूहळू मोठ्या झाल्या, उंच, पसरट, एकामागून एक शांत येणाऱ्या. मला त्यातलं शून्य कळत होतं, तरी बघत राहावंसं वाटलं. भावोजी हात छातीवर बांधून ताठ पडले होते. त्यांनाही झोप लागली, घोरणं काचेपलीकडून ऐकू आलं, पण त्यांच्या रेघा मोठ्या होईनात. एखाद्याने बारीक कंगवा ओढावा तशी सगळ्या रेघांवर दाट, घाईची थरथर. तंत्रज्ञ आधी तारा बघून आला. मग त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी पडद्यावरच्या रेघा मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या.

उठल्यावर ताईने जवळजवळ सगळ्या जोड्या सांगितल्या. एक चुकली म्हणून ती माफी मागत होती.

भावोजींना थोड्याच आल्या. “असले अर्थ नसलेले शब्द मी डोक्यात ठेवत नाही,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यात महत्त्वाच्या गोष्टी असतात.”

पुढच्या आठवड्यात निकाल ऐकायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं, की ताईची स्मरणशक्ती तिच्या वयाला चांगलीच म्हणावी अशी आहे, झोपेतल्या लाटाही छान आहेत. ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग बाई भावोजींकडे वळल्या.

“तुम्ही झोपेच्या गोळ्या घेता का?”

“मी?” भावोजी म्हणाले. “मी विकतो. घेत नाही.”

“या रेघांवरची ही बारीक थरथर बहुतेक वेळा त्या गोळ्यांचीच असते. आणि संथ लाटा दबल्या आहेत, त्याही त्यांनीच दबतात. एखाद-दुसऱ्या गोळीने इतकं होत नाही.”

“तुमचं मशीन बिघडलंय.”

“मग परत काढू. शिवाय लघवीच्या तपासणीतही कळतं.”

भावोजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ताईकडे. आणि मग जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. “घेतो. मग? किती घ्यायच्या ते मला कळतं. मी काय गिऱ्हाईक आहे?”

किती वर्षं, ते नीट सांगता येईना. सुरुवातीला अर्धी, मग एक, मग एकीने भागेना. दुकानातून शर्टाच्या खिशात टाकून आणायचे, जेवल्यावर चूळ भरताना घ्यायचे. पाठ टेकली की डोळा लागायचा तो असा! ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा त्यांनी भर दुकानात पाणउतारा केला, ती डॉक्टरला विचारून गोळी घेत होती. हे खणातून उचलून घेत होते, आणि त्यावर पुन्हा त्यांनाच उपदेश करत होते. मला त्या क्षणी दया यायला हवी होती असं पुढे एकाने सुचवलं. नाही आली.

बाईंनी सांगितलं, की या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की नवीन आठवण तयार होण्यातच अडथळा येतो. एकदम बंद करायच्या नाहीत, झटके येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करायच्या. झोप हळूहळू आपली आपण परतते. लाटा परतल्या की नवीन गोष्टी पुन्हा बऱ्यापैकी लक्षात राहायला लागतील.

“आणि मधल्या वर्षांचं?” ताईने विचारलं. तिचा त्या खोलीतला हा पहिला प्रश्न.

“जे साठलंच नाही ते परत येत नाही. रिकामी जागा मेंदू आपल्या सोयीने भरून टाकतो. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तसंच आठवत असतं.”

सोयीने, हा शब्द मी मनात घट्ट धरून ठेवला. कारण मला लगेच बाबांची गोष्ट आठवली. आमचे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा ताईने भावोजींना विचारलं होतं, की बाबांना थोडे दिवस आपल्याकडे आणू का. मी तिथेच होते. भावोजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले होते, “माझं घर म्हणजे भंगार ठेवायची जागा नाही.” बाबा माझ्या दोन खोल्यांत गेले. आणि वर्षभरात भावोजी नातेवाइकांना सांगू लागले, “मी तर म्हणत होतो आणा इकडे. हिनेच मनावर घेतलं नाही.” मी म्हणायची, हा माणूस खोटारडा आहे. ताई म्हणायची, “खरंच तसं म्हणाले असतील का? मीच विसरले असेन.” आता कळलं, की त्यांना खरंच आठवत नव्हतं. म्हणून माझं मत बदललं का? छे. जागा रिकामी होती हे गोळ्यांमुळे. ती कशाने भरायची हे त्यांच्या स्वभावाने ठरवलं, आणि त्या स्वभावाने दरवेळी स्वतःला शहाणं आणि ताईला मूर्ख ठरवलं.

गोळ्या कमी करण्याचे महिने वाईट गेले. भावोजींना झोप येईना, हात कापायचे, घाम फुटायचा, भांड्याचा आवाज झाला तरी ओरडायचे. दुकानाच्या किल्ल्या ताईने स्वतःकडे घेतल्या. सकाळी ती शटर उघडायची, काउंटरवरच्या बाईंच्या हवाली दुकान करायची आणि घरी येऊन पडदे शिवायची. खणांवर त्या बाईंनी ठळक अक्षरांत नावं चिकटवली. भावोजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला जणू कोणी त्यांच्या कपाळावरच कागद चिकटवलाय. पण फाडायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसांत ते एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले, “तुझ्या बहिणीला समजाव. ती माझ्याशी पूर्वीसारखी वागत नाही.”

“पूर्वीसारखी म्हणजे कशी?”

त्यांनी कप पुढे ओढला. चहा पिऊन गेले.

हळूहळू झोप यायला लागली. दुपारीही थोडं पडा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी आलेख काढला तेव्हा बारीक थरथर पुष्कळ ओसरलेली होती आणि मधूनमधून मोठ्या लाटा दिसत होत्या. ताईच्या होत्या तशा नव्हेत, पण लाटा. सकाळचं संध्याकाळी लक्षात राहू लागलं. भावोजींनी लगेच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, की मनाचा निग्रह असला की माणूस काहीही करू शकतो. गोळ्यांचा उल्लेख त्यात नसायचा. कोणी ताईबद्दल विचारलं तर म्हणायचे, “हो, तिच्यावरही उपचार केले आम्ही. आता बरीच सुधारली.”

हे ऐकल्यावर मी ताईला म्हटलं, “तू माझ्याकडे ये राहायला. पुरे झालं.”

“थांब,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, झोपायच्या आधी ऐकलेलं नीट बसतं म्हणून?”

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर भावोजी आडवे झाले. ताई शिवणयंत्रावरून उठली आणि त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसली. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं.

“अहो, एक सांगायचंय. बाबा आजारी होते तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, त्यांना इकडे आणू का. तुम्ही म्हणालात, माझं घर म्हणजे भंगार ठेवायची जागा नाही.”

“मी? काहीतरीच काय!”

“तुम्हाला आठवणार नाही. म्हणून सांगतेय. आता झोपा.”

दुसऱ्या दिवशी वेगळी गोष्ट. पाहुण्यांची. तिसऱ्या दिवशी गॅसची. मग चमच्याची. आवाज न चढवता, न रडता, शिव्याशाप न देता, जणू कोणाच्या खिडकीचं माप सांगावं तशी एक-एक गोष्ट, आणि शेवटी “आता झोपा.” भावोजी आधी चिडले, मग कुशीवर वळून पडू लागले. एकदा उठून दुकानात निघून गेले. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा.

“तू त्यांचा सूड घेतेस,” मी म्हटलं. मला खरं तर बरंच वाटत होतं.

“सूड नाही गं. माझ्या एकटीच्या डोक्यात किती दिवस ठेवू? आणि एकटीच्याच डोक्यात असलं की वाटतं, आपल्याला भास होतोय.”

महिन्याभराने एका संध्याकाळी ती दोघं जेवत होती. मीही होते. भावोजींनी घास मध्येच थांबवला.

“तुझ्या वडिलांना,” ते ताटाकडे बघत म्हणाले, “मी भंगार म्हणालो असेन.”

“असेन नाही. म्हणालात.”

भावोजींनी पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला. “म्हणालो.”

त्यांना ती वेळ आठवली नव्हती हे मला कळत होतं. वर्तमानपत्र, तिथेच उभी मी, ताईचा उतरलेला चेहरा, यातलं काही त्यांच्यापाशी नव्हतं आणि कधी येणारही नव्हतं. त्यांना आठवत होतं ते ताईने सांगितलेलं. पण “हिनेच मनावर घेतलं नाही” जिथे बसलं होतं, तिथे आता हे येऊन बसलं होतं. माफीचा शब्द मात्र त्या तोंडातून निघाला नाही. मी वाट बघितली. त्यांनी मीठ मागितलं.

परत जाताना ताई मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी भडकले होते. “एवढंच? इतक्या वर्षांचं ‘म्हणालो’ एवढंच?”

“मला एवढंच हवं होतं,” ती म्हणाली. “माफी मागितली असती तर परत सगळीकडे सांगत सुटले असते, मी किती मोठ्या मनाचा म्हणून.”

मला हसू आलं, तिलाही. मग ती म्हणाली, की पुढच्या महिन्यापासून ती दुकानाच्या वरची रिकामी खोली घेतेय, पडद्यांसाठी. यंत्र तिकडे नेणार. दिवसभर तिकडेच.

“त्यांना सांगितलंस?”

“दुपारी सांगितलं,” ताई म्हणाली. “झोपायच्या आधी.”